खरी नक्कल

पॉन्टियाक, मिशिगन. जानेवारी.
आर्डिस नोव्हाकच्या गराजात रॉकेलचा हीटर
खोकत खोकत पेटतो
आणि मी काचेवरची वाफ बाहीने पुसून
टॉर्च धरून वाकते.
बारीक आकडे तिला आता दिसत नाहीत.

"पहिले तीन वाच."
दोन, तीन, सात.
"म्हणजे लमान्स. साधी लमान्स बिचारी.
दोन-चार-दोन असते तर जीटीओ,
आणि मग तू-मी तिला हातही लावला नसता."

लपीरच्या एका कोठारातून आणली तेव्हा
मागच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदत होत्या,
डिकीच्या तळातून खालचं गवत दिसायचं.
दोन हिवाळे झाले,
ती इंचाइंचाने एकोणसत्तर सालची 'जज' होते आहे.

चारशेचं इंजिन टोलीडोहून आलं.
ब्लॉकवर ओतलेली तारीख
गाडीच्या तारखेआधीची हवी, फार आधीचीही नको.
काळीज जन्माला आधी येतं इथे, अंग मागून.

रंगाचं नाव लाल, डब्यातून निघाला शेंदरी.
मी म्हटलं, आमच्याकडे या रंगाचे देव असतात.
ती म्हणाली, आमच्याकडे काय वेगळं आहे?

कारखान्यात घाईघाईत
दाराच्या आतल्या कडेला रंगाचा एक ओघळ राहायचा.
तोही तिला हवा.
तीनदा सोडला, तीनदा पुसला.
चूक काही केल्या बरोबर येईना.

मग ग्रँड ब्लँकहून एक माणूस आला,
गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
आवाज खाली आणून म्हणाला, पट्टी बदलणारा एक जण ओळखीचा आहे.
दोन-तीन-सातचं दोन-चार-दोन.
किंमत तिप्पट.
आर्डिसने त्याचा कोट खुंटीवरून काढून
त्याच्या हातात दिला.
बाहेर बर्फ पडतच होता.

त्या दिवशी मी तिला आप्पांचं सांगितलं.
सिन्नरची कचेरी, नक्कल विभाग.
अस्सल कागद बस्त्यात बांधलेला,
आप्पा तो उतरवून घ्यायचे अक्षरन् अक्षर,
मूळ कारकुनाच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट,
आणि खाली शिक्का मारायचे: खरी नक्कल.
लहानपणी मला हसू यायचं,
खरी तर नक्कल कशी, नक्कल तर खरी कशी.
आर्डिस हसली नाही.
चिकटपट्टीचा तुकडा फाडून पुढे केला,
"लिही. तुझ्या अक्षरात."
तो आता ग्लोव्ह बॉक्सच्या आत आहे,
झाकण उघडलं तरच दिसतो.

काल सीटा शिवायला घेतल्या.
काळं रेक्झिन, जाड दोरा,
मशीन तिच्याहून थोडंच तरुण.
बोलायचं म्हणून मी विचारलं, हे कुठे शिकलीस?
"ट्रिमवर होते ना मी. एकोणसत्तरात, वीस वर्षांची.
पाळीला बेचाळीस सीटा.
शेंदरी गाडीला काळ्या, पांढऱ्या गाडीलाही बहुतेक काळ्याच.
गेटातून बाहेर पडताना बघायचे त्यांना.
मी बसने घरी जायचे."

सुई अडते त्या कोपऱ्यावर
ती न बघता पाय उचलते, कापड वळवते,
दोन टाके मागे, एक पुढे.
या टाक्याला कुठे आकडा नाही
की मी वाचून दाखवावा.

उन्हाळ्यातल्या प्रदर्शनाचा फॉर्म बाकावर पडला आहे,
तेलाच्या बोटांनी भरलेला.
मूळ कारखान्याचे भाग किती?
तिथे तिने मोठ्ठं शून्य काढलंय
आणि वर पुन्हा गिरवलंय.

मी टॉर्च हळूच तिच्या बोटांवर नेला.

"उजेड कापडावर धर गं,"
दोरा दाताने तोडत आर्डिस म्हणाली,
"हातांना माहीत आहे."