तीन झऱ्यांचा रस्ता

रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा,
सकाळी कॉफीच्या आधी बाहेर ओढायचा
आणि ठिपके वाचायचे.
हा पुढचा, वॉटर पंपाचा.
हा डावीकडचा, खालच्या होजचा.
आणि हा मधला, कोटाच्या बटणाएवढा, हिरवा,
हा कुणाचाच नाही.

मार्चपासून असंच चाललंय.
विनमकाच्या उत्तरेला, पत्र्याच्या शेडमध्ये,
बाबांची एक्कावन सालची पॉवर वॅगन, मी,
आणि दूर बांधून घातलेला कुत्रा,
कारण कूलंट गोड लागतं, आणि मारतं.

खरं सांगायचं तर मी धुवेपर्यंत ती एवढी गळत नव्हती.
मलाच हौस. उकळतं पाणी, व्हिनेगर, पुन्हा पाणी.
ब्लॉकच्या पोटातून निघाला गंजाचा रबडा,
काळी मिरी, मूठभर बार्ली,
लोकरीचा एक पिळा.
वर मेंढ्यांच्या तळावर, गॅरेजपासून साठ मैल लांब,
हाताला लागेल ते ओतलं होतं बाबांनी.
"मिरी फुगते," ते खुर्चीतून म्हणाले,
"भोकात जाऊन बसते. भाड्याच्या गड्यापेक्षा इमानी."
मी ते सगळं इमान बादलीत काढलं.
दुसऱ्या सकाळी पुठ्ठ्यावर सात ठिपके.
इतकी वर्षं गंजानंच धरून ठेवलं होतं सगळं.

एक बुजवावं तर दुसरं हसतं.
ऑर्लिन स्टॅग्ज लेथवरून मान न उचलता म्हणाला,
"हेडचे बोल्ट थेट पाण्यात उतरतात या इंजिनात.
आट्यांना लेप नाही लावलास, तर पाणी
जिना चढून वर येणारच."
एकवीस बोल्ट. एकवीस वेळा ब्रश, लेप, पाना,
मधून बाहेर, मधून बाहेर, तीन फेऱ्या.
थर्मोस्टॅटची टोपी वाकलेली, ती काचेवर
पॉलिशपेपर पसरून घासली,
बोटांचे ठसे पुसट झाले.
मे महिन्यात मी तिला शिव्या दिल्या, बास्कमध्ये,
कारण इंग्रजीतल्या संपल्या होत्या.
बाबा खुर्चीत हसले. उच्चार सुधारून दिला.

आणि तो मधला ठिपका तसाच.

शेवटी इंजिनाला पीठ फासलं, भाकरीला फासतात तसं,
आणि टॉर्च घेऊन उताणी पडून राहिले.
तासाभराने पिठात एक ओली वाट उमटली.
मॅनिफोल्डच्या मागे, हात पोचत नाही तिथल्या बुचातून थेंब निघायचा,
पंख्याचा वारा त्याला ढकलत न्यायचा
बरगडीवरून, तळाच्या पत्र्यावरून, पुढे, पुढे.
गळायचं एकीकडे,
टपकायचं भलतीकडेच.
चार महिने मी भलतीकडेच बोट दाखवत होते.

नवं पितळी बूच. हातोडीचे तीन ठोके, चौथा नको.
हवा भरली, काटा सातावर.
जेवले. भांडी घासली. परत गेले.
सातावरच.

जुलैत वर निघालो, सांता रोझाच्या चढाला.
बाबा शेजारी, मांडीवर पाण्याचा डबा,
मी नको म्हटलं तरी घेतलेला.
पहिला झरा मागे पडला. तापमानाचा काटा जागचा हलला नाही.
दुसरा झरा आला.
"थांब."
"पाणी नाही लागत आता तिला."
"तिला नाही. मला लागलीय."

ते उतरले, काठी टेकत आस्पेनच्या झाडीत गेले.
दहा मिनिटं झाली. मी इंजिन बंद केलं.
सवयीनं वाकून खाली पाहिलं: कोरडी धूळ.
मग हाक मारायला गेले, तर ते एका खोडापाशी,
सालीवर कोरलेली अक्षरं रुंदावून काळी पडलेली,
बेन्यात, १९६२, आणि खाली एक मेंढी
किंवा बाई, सांगता येत नाही.

"इंजिन निवेपर्यंत," ते म्हणाले, "इथे एक तास जायचा.
एवढ्या वेळात माणूस काय करणार?"

मी डबा उघडला.
अर्धं पाणी आम्ही दोघांनी प्यायलं.
उरलेलं त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ओतलं,
आणि तिसऱ्या झऱ्यावर पुन्हा थांबायला लावलं.