इथेच घोडं पेंड खातं

दोन हजार एकशे सातव्या ओळीत
राउलीन घोड्यावरून उतरतो
गिरणीवाल्या विधवेच्या दारात,
आणि माझं घोडं तिथेच पेंड खातं.
उंबऱ्याशी तो ठेवून जातो ते काय?
शब्द एक, अर्थ दोन:
ढाल. किंवा ढालीचा ठसा असलेलं नाणं.

मूळ काव्य फार जुनं, म्हणजे ढालच;
तेव्हा तसलं नाणं पाडलंच नव्हतं कुणी.
पण ही नक्कल शंभर वर्षांनंतरची,
आणि नकलणारा भिक्षू उपाशी होता की जेवलेला, कोण सांगणार.
कातड्यातल्या गोमाशीच्या भोकाला
वळसा घालून त्याने ओळ नेली आहे,
आमची नदी नाजाकच्या टेकडीला घालते तसा.
पुढचं पान उंदरांनी खाल्लं.

तोच शब्द ठेवावा, तर तो आता
संग्रहालयात राहतो, आणि पुस्तक शाळेसाठी आहे.
तीन आठवडे झाले. चेस्टनट दोनदा करपले.
प्रकाशक ओळीमागे चार युरो देतो,
अडलेल्या ओळीलाही चारच.
शपथा, उसासे, गवाक्षातली सुंदरी
मी भराभर उलथून टाकली आजच्या फ्रेंचमध्ये;
त्याला फारसं काही लागत नाही.

मंगळवारी रक्तदाब बघायला झेनोबी येते.
पट्टा फुगवता फुगवता विचारते,
"आजपण ढालच का, मादाम?"
मी सगळं सांगितलं.
"पोरं किती त्या बाईला?"
"तीन. धाकटं अंगावर पितं."
"मग ढाल घेऊन काय करील ती? कणीक मळील तिच्यात?"
म्हटलं, नाण्यावर कोणी वीरकाव्य लिहीत नाही गं.
"एकशेसाठ," ती म्हणाली. "मीठ कमी करा."
हेल्मेटची काच खाली ओढली
आणि स्कूटरवरून उताराने गेली,
पुढच्या गावी, पुढच्या म्हातारीकडे.

रात्री लिहिलं: नाणं.
मग खोडलं. पुढच्या अर्ध्या ओळीत आहे,
'आणि हात त्याचा हलका झाला.'
ढालीने होतोच.
नाण्यानेही होतो, शेवटचं असेल तर.

पहाटे ढाल लिहिली, शाईने.
खाली पेन्सिलीने, मुळात नसलेली,
कुणी चार युरो देणार नाही अशी एक ओळ:
ती उताणी करून बाईने तिच्यात कणीक मळली.
उंदरांनी खाल्लेल्या पानावर
असेलही.