छाट

विडी घरकुलात, पत्र्याखालच्या शिकवणीत
सात मुली, एक पंखा
आणि फळ्यावर आज चार शब्द:
अनॉइड, इरिटेटेड, व्हेक्स्ड, एक्झॅस्परेटेड.
गाईडात चौघांपुढे अर्थ एकच, चिडलेला.
मी म्हणाले, गाईड मिटा.

पाणी चार दिवसांआड येतं ना?
पाचव्या दिवशी नळ नुसता फुसफुसला
की कपाळाला जेवढी आठी पडते, तेवढंच अनॉइड.
इरिटेटेड म्हणजे मानेवरचं घामोळं
आणि त्यावर नव्या, न धुतलेल्या टॉवेलाची कड.
शेजारच्या शेडमधला माग दुपारभर डोळा लागू देत नाही, तेही.
व्हेक्स्ड? तो जुना शब्द, कडक इस्त्रीचा.
आपल्याकडे कुणी तसं होत नाही.
फार तर बँकेतले मंगळवेढेकर,
पेनाचं टोपण हरवल्यावर.
मुली हसल्या.

चौथ्यापाशी मी जरा थांबले.
हा उच्चारायलाच दम लागतो.
एकच धागा, एकाच जागी, सहाव्यांदा तुटतो
आणि माणूस मागावरून हात उचलून घेतो.
शिवीसुद्धा उरत नाही.

लावण्या गुर्रमने बोट वर केलं.
घरी तेलुगू; वहीच्या कडेला तिने दोन शब्द लिहिलेले.
म्हणाली, चिराकु म्हणजे इरिटेटेड, ते कळलं, मिस.
पण काल आई कारखान्यातून आली.
हजार विड्या नेलेल्या,
दीडशे छाट काढल्या, तिच्या समोर, एकेक चिमटीत धरून.
पैसे साडेआठशेचे.
घरी बोलली नाही. भांडं आपटलं नाही.
सूप मांडीवर घेतलं,
ओल्या फडक्यातली पानं सोडली,
कातर उचलली.
एवढंच म्हणाली, विसुगु.
ते ह्या चारांतलं कुठलं?

मी मराठीत उबग म्हणून पाहिलं.
जिभेवर बरा वाटला,
पण उबगलेला माणूस पुन्हा कातर उचलत नाही.
त्रागा, संताप, वैताग,
एकेक चिमटीत धरला
आणि बाजूला ठेवला.

फळ्यावर खाली जागा होती.
तिथं लिहिलं, विसुगु.
स्पेलिंग मला येत नव्हतं.
मागून एकीने विचारलं, परीक्षेत येईल?

तेवढ्यात वीज गेली.
पंखा थांबला, शेजारचा मागही,
आणि सातही जणी एकदम म्हणाल्या, च्.
हे, मी म्हणाले,
हे अनॉइड.