हातांपुरता

ग्रिम्सबीच्या थिएटरात बुधवारी दुपारी
सातच माणसं. त्यातला एक विल्फ्रेड ऑग्डन,
माझ्याकडूनच तिकीट काढलेला, म्हाताऱ्यांच्या सवलतीत.

पडद्यावर नायक पियानोशी.
चेहरा नटाचा, घामही त्याचाच.
कॅमेरा खाली उतरला की हात मात्र विल्फ्रेडचे:
करंगळीवर मासळीचा डबा लागल्याची खूण
मेकअपला न जुमानणारी.

नायक दारूपायी गेला.
मागे कुणीतरी नाक शिंकरलं.
विल्फ्रेडचे हात मांडीवर,
स्वतःच्याच मयताला जाऊन आल्यासारखे.

नावं सरकू लागली. मी झाडू घेऊन थांबले.
"आलं का गं?" चष्मा घरी राहिला होता त्याचा.
आलं. ड्रायव्हरांच्याही खाली,
आडनावात एक अक्षर चुकून.

मी बरोबर वाचून दाखवलं.