एकच व्यक्ती असल्याबाबत

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर त्रेपन्न.
शेजारच्या प्रेसची धाडधाड साडेआठला थांबते,
मग मी काट्याचं पोट उघडून बसते.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
असे दोनशे काटे जायचेत, शुक्रवारी.
आज मंगळवार, आणि काटा गप्प.

काही उपकरणं बोलकी असतात.
वायर खुपसली की आपणहून सांगतात
कुणाच्या घरचं, कितवं, काय काय येतं;
कर्नल त्यांचे दोन आकडे हातात घेऊन
एकेका ड्रायव्हरचं दार वाजवत जातो,
आकडे तंतोतंत जुळले तिथं बसवतो.
आमचा वैराळे म्हणतो, पत्रिकाच की.
नाही रे बाबा. अठरा गुणांवर भागत नाही इथं.
छत्तीस, नाहीतर घरी जा.

ही वजनाची चिप मात्र मुकी.
दोन तारांच्या टोकाला बसून असते.
हाक मारली तर ओ देते,
नाव विचारलं तर सांगता येत नाही तिला.
म्हणून दुसऱ्याच कुणीतरी
कागदावर लिहून ठेवायचं असतं
की अमक्या पत्त्यावर अमकी राहते.
सुरू होताना कर्नल तो कागद वाचतो.
चिपकडे बघतही नाही.

मी लॉग वरून खाली, खालून वर वाचते.
डिस्प्लेला ड्रायव्हर मिळाला. बटणांना मिळाला.
प्रिंटरला आधी म्हणाला, नंतर ये,
कारण त्याला वीज देणारा अजून जागा नव्हता.
रांगेत ठेवलं,
दुसरं कुणी मार्गी लागलं की पुन्हा बोलावलं,
तिसऱ्या खेपेला घेतलं.
ही तर रांगेतसुद्धा नाही.
हिच्या नावावर साधा नकारही नाही.

'नंतर या' माझ्या ओळखीचं आहे.
बेलापूरच्या खिडकीशी बामीआत्याबरोबर
चार वेळा ऐकलंय.
गोठिवलीतल्या तिच्या तीन गुंठ्यांवर
आता केमिकलवाल्यांची पाण्याची टाकी आहे.
तलाठ्यानं कधीकाळी कानाला आलं तसं लिहिलं, भामीबाई.
आधारवर बामीबाय.
कारकून काही वाईट नव्हता.
रजिस्टर आमच्याकडे फिरवलं, बोट ठेवलं,
मॅडम, बघा, भ आहे.
आत्या म्हणाली, "अरं पन मी यं उबी हाय ना."
त्यानं बोट उचललं नाही.

सव्वाअकरा. चहाच्या कपात पाकोळी.
चूक ड्रायव्हरात नाही, चिपमध्ये तर नाहीच:
इकडे कंपनीच्या नावापुढे स्वल्पविराम,
तिकडे आडवी रेघ.
जुन्या बोर्डाचा कागद कुणीतरी
डोळे मिटून उतरवून काढलेला.

कागद सुधारता आला असता,
पण साठ काट्यांत तो केव्हाच भरलाय,
सीलसुद्धा लागलंय.
मग ड्रायव्हरच्याच यादीत मी एक ओळ वाढवते,
रेघवालं नाव स्वल्पविरामवाल्याच्या खाली.
हीसुद्धा आपलीच.
शंभराचा स्टँप नाही, दोन साक्षीदार नाहीत,
आणि यादीला जागा कमी पडली नाही.

पुन्हा सुरू करते.
या वेळी ड्रायव्हर पत्त्यावर जातो,
हात लावून बघतो,
शून्य घेऊन परत येतो.
कर्नलच्या भाषेत शून्य म्हणजे सगळं ठीक.

ताटात काहीच ठेवलेलं नाही
आणि डिस्प्लेवर नऊ ग्रॅम.
ते शून्यावर आणायचं उद्या दुपारी.
आधी नोटरी, दहा वाजता, घणसोलीला:
भामीबाई आणि बामीबाय
ही एकच व्यक्ती असल्याबाबत.
आत्या आठपासूनच चपला घालून
पायरीवर बसलेली असणार.