सहा, सात, सहा

कुदूस शहरात शिरलं की आधी लवंग येते,
मग रस्ता.
इथली सिगारेट पेटली की तडतडते,
म्हणून तिचं नावच क्रेतेक.
जावा बेटावर या वासाला कुणी वास म्हणत नाही,
हवाच म्हणतात.

आज माझ्या खुर्चीत गालिह. वय चोवीस.
मोटरसायकलवरून लोकांना पोचवतो, दिवसाला सोळा क्रेतेक.
तक्रार: खालचा पुढचा दात जरासा नाचतो.
सांगताना हसला, तेव्हाही नाचला.

हिरड्या फिकट, घट्ट,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलांसारख्या शहाण्या.
ब्रश करताना रक्त?
"कधीच नाही, डॉक्टर." छाती जराशी पुढे.

मी सळई उतरवते दात आणि हिरडीच्या मधे.
धड हिरडी दोन-तीन मिलिमीटरवर अडवते.
ही अडवेना.
मी आकडे म्हणते, सुलास्त्री लिहून घेते:
चार. सहा. सात. सहा.
विहिरीत दोर सोडत राहावा
आणि बादली पाण्याला लागूच नये.

रक्ताचा थेंब नाही.

त्याला समजावू कसं?
म्हटलं, घरात चोर शिरलाय रे,
आणि धुरानं कुत्र्याच्या तोंडाला फडकं बांधलंय.
भुंकणार कोण?
आत हाड झिजतंय, रोज, मुकाट.

"पण लवंग औषधी ना?
लहानपणी दात दुखला की आई
दाढेखाली लवंगच धरायला लावायची."
"हो," मी म्हटलं, "बधिर करते ती."
पुढे बोलले नाही.
सेमारांगच्या वसतिगृहामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला,
दुसऱ्या वर्षापर्यंत मीही ओढत होते.
वहीत माझे आकडे कुणी लिहिलेले नाहीत.

बाकावर त्याची आई, बू सुमिराह.
एकतीस वर्षं कारखान्यात क्रेतेक वळतेय,
स्वतः एकही ओढलेली नाही.
या बोटांवरच गालिहची शाळा झाली,
मोटरसायकलचा पहिला हप्ताही.
तिनं बोटं नाकाशी नेली, मांडीखाली सारली,
आणि विचारलं, "किती उरलंय?"
हाडाबद्दलच विचारलं असावं.
मी फिल्म उजेडात धरली.

दीड महिन्यानं तो परत आला, तणतणत.
"सोडली! बत्तीस दिवस झाले!
आणि आता बेसिन लाल होतंय रोज सकाळी.
ओढत होतो तेव्हा बरा होतो मी!"

आ कर, म्हटलं.
लाल, सुजलेल्या, बेशिस्त,
टेकवली सळई की रक्त.
इतक्या कुरूप हिरड्या पाहून
इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं,
पण हे त्याच्या तोंडावर कसं बोलू?
"फडकं सुटलंय," एवढंच म्हटलं.
त्याला आठवलं. कुत्रं, चोर, सगळं.
"मग गेलेलं हाड येईल परत?"
"नाही."
"दात?"
"राहील बहुधा. नाचेल थोडा."

मग तासभर मी दगडासारखा थर खरवडत राहिले
आणि तो छताचा पंखा मोजत राहिला.

फाटकाशी त्याचा हात सवयीनं खिशावर गेला,
तिथं किल्ली होती फक्त.
हेल्मेट घालण्याआधी तो थुंकला,
वाकून पाहिलं धुळीत,
बराच वेळ पाहिलं,
मागे गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी.