डावा हात

दुसऱ्या भागात सेरिनचा डावा हात गेला.
मनगटापासून. पुलावर. आम्ही चौघांनी पाहिलं,
वास्कोत, मांगोर टेकडीवर, आफ्ताबच्या माळ्यावर,
जिथं खिडकी उघडली की कोळशाची भुकटी
आधी कन्सोलवर बसते, मग माणसांवर.
मिंगेल तेव्हा नववीत. रडला होता.
आता म्हणतो, डोळ्यांत भुकटी गेली होती.
हीसुद्धा विसंगती. नोंदवून ठेवली आहे.

माझी वही दोनशे पानी.
टॉर्वालच्या कुठल्या हिवाळ्यात कुठला राजा,
कोण कुणाचा भाऊ,
तिसऱ्या भागात जिथं दार
तिथं चौथ्यात भिंत का.
चुकांना लाल शाई.
पहिल्या दोन भागांना मिळून सहा रेघा,
पाचव्याला सतरा पानं.

कारण पाचव्यात सेरिन परत आली
दोन्ही हातांनी कंदील धरून,
आणि त्या अख्ख्या गावात
एका माणसाला नवल वाटलं नाही!
पाववाल्यानं पाव पुढे केला,
तिनं डाव्या हातानं घेतला.

नूतन चोडणकर म्हणाली, लिहिणारे बदलले.
नव्यांनी जुनं खेळलेलंच नाही.
मिंगेल म्हणाला, सपन मरे तें. पाचवा भाग आख्खा सपन.
आफ्ताब म्हणाला, पाणी बघा ना, किती खरं दिसतं.
पाणी बघायला बायणाला जा, नूतन म्हणाली, फुकट आहे.

अशी अकरा वर्षं.
मिंगेल जहाजावर लागला.
नऊ महिन्यांनी उतरला की टॅक्सीतूनच फोन,
हाताचं काय ठरलं?

नववा भाग आला तो नेमका सप्ताहाच्या रात्री.
खाली दामोदराच्या देवळात चोवीस तासांचं भजन,
रस्ताभर खाज्यांची, भांड्यांची, फुग्यांची फेरी.
अर्ध्या तासात वीज गेली.
अंधारात भांडून बघितलं,
पण समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय
नूतनला भांडता येत नाही.
उतरलो टेकडी.

तीन वाजले होते.
पुढचं पथक कुठ्ठाळीला अडकलेलं,
आधीच्यांना उठता येईना.
पेटीवर गजूकाका वेरेकर, पोस्टातून निवृत्त.
गाणाऱ्याचा गळा फाटलेला,
झांजा अर्धी मात्रा मागे,
एक पोरगा बसल्या बसल्या झोपून
नुसते ओठ हलवत होता.
वाईट गात होते. खरंच वाईट.
थांबत मात्र नव्हते.

मग पुढचे आले, चपला भिरकावत,
आणि त्यातल्या एकानं उभ्याउभ्याच
ओळ अर्ध्यात उचलली, दोन स्वर वर.
आधीचा गळा तिच्याखालून
हळूच सरकून बाहेर आला,
पाणी मागायला.

चहाच्या टपरीपाशी गजूकाका म्हणाले,
सूर जातो, येतो. खंड पडता नये.
मिंगेल माझ्याकडे बघून हसला, जिंकल्यासारखा.
पण नूतन.
काका, दामोदराचं म्हणून सुरू केलं
आणि पहाटे कुणी भलत्याच देवाचं गायला लागला,
तर तो खंड नाही?
अगो, काका म्हणाले, रात्रभर विठ्ठलच गातोय आम्ही
दामोदराच्या दारात. त्याची तक्रार नाही.
त्याला विचारलंय कुणी? नूतन म्हणाली.
काकांनी बशीत फुंकर घातली.

परत वर आलो तर वीज आलेली,
पडद्यावर सेरिन उभी, त्याच पुलावर.
एक म्हातारा नावाडी तिच्याकडे टक लावून.
सात भागांत पहिल्यांदाच कुणी विचारलं:
हा हात कधी आला?

खाली तीन उत्तरं.
कायमच होता.
कुठला हात?
तुला आठवतं?

कंट्रोलर मिंगेलच्या हातात.
सोमवारी त्याचं जहाज.
लाल पेनाचं टोपण मी काढलं, परत लावलं.
नूतन पहिल्यांदाच काही बोलेना.
टेकडीखालून झांजांचा आवाज,
आता मात्रेवर.

दाबतो, मिंगेल म्हणाला. आणि दाबलं नाही.
तोवर पाणी बघा, आफ्ताब म्हणाला,
पुलाखालचं.